पोराचं पान

दगड तीन दिवस पलंगावर होता. एबेनेझरच्याच पलंगावर, भिंतीकडच्या बाजूला, पांढऱ्या चादरीत गुंडाळलेला. थर्झा त्याच्या शेजारी जमिनीवर चटई टाकून निजत होती. त्र्याऐंशी वर्षांची बाई, गुडघे कुरकुरतात, पण ऐकेल तर शपथ. मोठी मुलगी मेर्ल म्हणाली, "आई, अगं माझ्या खोलीत ये ना, दगड काय पळून जाणार आहे?" तर म्हणे, "तुझा बाप साठ वर्षं माझ्या शेजारी झोपला, आता तीन दिवस त्याला एकटं टाकू?"

कॅरिअकूवर, म्हणजे आमच्या कॅरिबियन समुद्रातल्या बेटावर, माणसाला पुरतात लगेच, पण थडग्याचा दगड सवडीने बसतो. समुद्रापार गेलेली पोरं गोळा व्हावी लागतात, बोकड मोठे व्हावे लागतात. कोणाला चार वर्षं लागतात, कोणाला पंधरा. तोवर मेलेला ताटकळतो. मग दगड बसतो, त्याच्या नावाने गावजेवण होतं आणि ढोल वाजतो. पण ढोलावर नाच व्हायच्या आधी माफी असते. मेलेल्याची सगळी मुलं रिंगणात गुडघे टेकतात आणि त्याची माफी मागतात. केलेल्याची, राहून गेलेल्याची, सगळ्याची. सगळी म्हणजे सगळी. लग्नातली, लग्नाबाहेरची, आमच्याकडे त्यात फरक करत नाहीत. एक जरी पोर राहिलं तरी मेलेला दगड घेत नाही. ज्यांनी हे हसण्यावारी नेलं त्यांच्या दगडांना वर्षभरात चिरा गेलेल्या आम्ही डोळ्यांनी पाहिल्यात, तेव्हा कोणी आम्हाला शिकवायला येऊ नये.

"थर्झा," ढोलवाल्या म्हाताऱ्या ताता मार्टेलने शुक्रवारीच विचारलं होतं, "सगळी पोरं पोचली?"

"पोचली. मेर्ल इथलीच. सिल्बर्ट त्रिनिदादहून आला. ओना काल उतरली न्यूयॉर्कहून."

"म्हणजे तीन."

"तीनच," थर्झा म्हणाली.

शनिवारी पहाटेपासून अंगणात तीन-तीन धोंड्यांच्या चुली पेटल्या. बोकडाचं मटण, धुरातली कोंबडी, ओल्या तुरीच्या दाण्यांची आमटी, आणि मक्याच्या पिठाचा कूकू, म्हणजे शिजवून घट्ट केलेल्या पिठाचे वळलेले मुटके. गावच्या बायका कंबर कसून बसल्या होत्या. थर्झाला कोणी काम करू देत नव्हतं. ती आमची गाणं उचलणारी. रिंगणात पहिला सूर तिचा, मग ढोल, मग बाकीच्यांनी ओढायचं. चाळीस वर्षांत तिच्यावाचून या गावात माफी झालेली नाही. तिने आज घसा सांभाळायचा, एवढंच तिचं काम.

दहाच्या सुमारास मेर्ल एका पाहुण्याला घेऊन आली. मेर्लचं पाहुण्यांना उतरायचं घर आहे, चार खोल्यांचं, बंदराजवळ. तिथे येणाऱ्यांना ती गावचं सगळं दाखवते: किनाऱ्यावर होडी बांधतात ते, जुन्या कापसाच्या मळ्याची पडकी भिंत, संग्रहालयातल्या बेड्या. त्यात काही चांगली माणसं असतात, काही नुसती फोटो काढतात आणि घाम पुसतात. हा साठीतला होता. उंच, काळासावळा, डोक्यावर कडक टोपी, हातात वही. आठ दिवसांसाठी आला होता, आणि आल्यापासून सतत काहीतरी लिहून घेत होता.

"आई, हे मिस्टर ॲल्स्टन. इंग्लंडहून, हडर्सफील्डहून. यांची आई आपल्याच बेटाची होती. यांना कूकू वळायचा आहे."

"वळू दे की," आर्डीन म्हणाली. ही शेजारीण. हिच्या तोंडाला आजवर कोणी झाकण लावू शकलेलं नाही. "हात धुतलेत का बघ आधी. इंग्लंडात पाणी थंड असतं म्हणे, माणसं नुसती टोपी झटकतात."

ॲल्स्टन हसला, हात धुऊन बसला. पहिला मुटका त्याने असा काही आवळला की आर्डीनने तो उचलून सगळ्यांना दाखवला. "बघा गं! पलंगावरचा दगड राहू द्या, हाच बसवू या एबेनेझरच्या उशाशी."

बायका खदखदून हसल्या. थर्झापण हसली. तो ओशाळला, पण उठला नाही. दुसरा वळला, तिसरा वळला, चौथा जमला. थर्झाला त्याचं ते न उठणं आवडलं. तिने त्याला आपल्या बाकावर बोलावलं, लिंबाचं सरबत दिलं.

"टँटी," तो म्हणाला, म्हाताऱ्या बाईला इथे म्हणतात तसंच, आईने शिकवलं असणार, "तुम्ही गाणं उचलता ना? मग तुम्हालाच विचारतो. आज ढोल वाजला की मी कधी उठायचं?"

"ते तुझ्या कुळावर आहे. कुठलं कूळ तुझं?"

आता हे थोडं सांगायला हवं. आमच्या पूर्वजांना बोटींत कोंबून आणलं तेव्हा त्यांची नावं पुसली, भाषा पुसली, पण कुळं राहिली: क्रोमान्ती, इग्बो, मँडिंग, चांबा, टेम्ने. कूळ बापाकडून येतं. ढोल ज्या कुळाचा वाजेल त्या कुळाची माणसं उठतात, बाकीचे बसून बघतात. शाळेत जायच्या आधी आमच्या पोरांना हे ठाऊक असतं.

"तोच तर घोळ आहे," ॲल्स्टन म्हणाला. "माझे वडील स्वतःला चांबा म्हणायचे. पण आई गेली ना, मागच्या हिवाळ्यात, जाण्याआधी दोन दिवस माझा हात धरून म्हणाली, बेटावर जा, ढोल असेल तेव्हा जा, आणि टेम्ने वाजला की ऊठ. दोनदा म्हणाली. मला वाटलं, आईचं कूळ असेल. मिस मेर्ल म्हणतात, आईचं लागत नाही."

थर्झाने पेला खाली ठेवला. आमच्या गावात टेम्ने घर एकच आहे, एबेनेझरचं. त्याला भाऊ नव्हता, चुलता नव्हता. बाप तो लहान असतानाच बुडाला होता.

"आईचं नाव काय तुझ्या?"

"व्हेल्डा. व्हेल्डा क्वाशी."

चुलीपाशी आर्डीन कोणाला तरी मटणात पाणी जास्त झालं म्हणून झापत होती. मेर्ल केळीची पानं मोजत होती. कोणाचंही इकडे लक्ष नव्हतं, आणि थर्झाने ते आधी पाहून घेतलं. मग ती म्हणाली,

"तुझी आई आजारात गोंधळली असेल, बाळ. क्वाशी म्हणजे चांबा. चांबा वाजला की ऊठ."

"असं होय," तो म्हणाला. त्याने वही उघडली आणि लिहून घेतलं. मग तिचा हात दोन्ही हातांत घेऊन आभार मानले. थर्झाने तो हात सोडवून घेतला.

काय सांगायचं आता तुम्हाला! व्हेल्डा आणि थर्झा कापसाच्या मळ्यात शेजारी शेजारी ओळीत वेचणी करायच्या. थर्झाचं लग्न होऊन पाच वर्षं झाली, पोट पिकेना. आणि व्हेल्डाला एबेनेझरपासून मुलगा झाला. गावाने चार दिवस चघळलं आणि सोडून दिलं, कारण असं घरोघरी होतं. एबेनेझर भरगावातून त्या पोराला खांद्यावर बसवून न्यायचा. थर्झा खिडकीतून बघायची. पोर दोन वर्षांचं झालं तेव्हा लेनर्ड क्वाशीने व्हेल्डाशी लग्न केलं आणि दोघांनाही घेऊन इंग्लंडला गेला. एबेनेझर तीन दिवस जेवला नाही.

मग पत्रं यायची. एबेनेझरला होडीचं लाकूड नुसत्या बोटांनी कळायचं, पण अक्षर कळत नव्हतं. पत्र थर्झा वाचायची. तिने वाचायचं, त्याने ऐकायचं, मग ती घडी त्याने खिशात घेऊन फिरायचं. पोर पाच वर्षांचं झालं त्या वर्षी पत्र आलं: शाळेत घातलंय, सोबत फोटो आहे, तू पुढच्या उन्हाळ्यात येऊन त्याला महिनाभर घेऊन जा, लेनर्डची हरकत नाही. थर्झाने ते पत्र हातात धरलं. समोर नवरा, डोळे तिच्या तोंडाकडे. आणि तिने वाचलं की पोर तापाने गेलं.

तिने ठरवलं नव्हतं. तोंडातून निघालं. पण निघालेलं परत घेतलं नाही, ही तर खरी गोष्ट. पत्र आणि फोटो दोन्ही चुलीत गेले. व्हेल्डाला उत्तर गेलं एबेनेझरच्या नावाने, की पुन्हा लिहू नकोस, माझा संसार आहे. आणि पुढच्याच वर्षी थर्झाच्या पोटी मेर्ल आली, मग सिल्बर्ट, मग ओना. तिला वाटलं, देवाने डोळेझाक केली.

एबेनेझरने मात्र त्या वर्षापासून एक पान वाढायला सुरुवात केली. आमच्याकडे असं जेवण असलं की आतल्या खोलीत पितरांचं पान मांडतात. अन्नात मीठ नाही, शेजारी मेणबत्ती, दार लोटलेलं. एबेनेझर आपल्या आईबापाच्या पानांशेजारी आणखी एक लहान पान मांडायचा. कोणाचं म्हणून विचारलं तर एवढंच, "पोराचं." बावन्न वर्षं. आणि थर्झाने बावन्न वर्षं एका जिवंत माणसाला मेलेल्यांच्या पंगतीत बसू दिलं. याहून वाईट आमच्या बेटावर दुसरं काही नाही. खून केला तर निदान माणूस खरोखर मेलेला तरी असतो.

दुपारी मेर्लने पानं मांडायला घेतली. हे काम थोरल्या मुलीचं.

"यंदा पोराचं पान नको," दारात उभी राहून थर्झा म्हणाली.

मेर्लने वळून पाहिलं. "नको म्हणजे? आज नको? बाबांच्या दगडाच्या दिवशी?"

"मेर्ल, मी सांगते ना."

"आई, बाबांनी मरताना माझ्याकडून दोन गोष्टींचं वचन घेतलं. होडी विकायची नाही आणि पोराचं पान चुकवायचं नाही. होडी सिल्बर्टने विकली, त्याचं तो बघेल. पान मी मांडणार."

मेर्ल मांडत राहिली. आणि तेवढ्यात तो आला, ॲल्स्टन, मागच्या दाराने, टोपी हातात घेऊन. मेर्लने त्याला सकाळीच कबूल केलं होतं की उंबऱ्यापासून बघायला हरकत नाही, फोटो मात्र नाही.

"ही आजी-आजोबांची," मेर्ल हळू आवाजात सांगत होती. "हे आज पहिल्यांदाच, बाबांचं. आणि हे आमच्या भावाचं."

"भाऊ होता तुम्हाला?"

"आमच्या आधीचा. दुसऱ्या बाईचा. इंग्लंडात वारला, पाच वर्षांचा असताना. आम्ही कोणी पाहिला नाही."

ॲल्स्टन पानाकडे बघत राहिला. "पाच वर्षांच्या मुलाला एवढं?"

"ते बाबांचं." मेर्ल थोडी हसली. "दर वर्षी एक घास वाढवायचे. आई म्हणायची, मेलेलं पोर मोठं होत नाही, कशाला वाढवता? तर म्हणायचे, तुझं होत नसेल, माझं होतं. शेवटी शेवटी थोराएवढं पान झालं. आणि मेणबत्ती विझेपर्यंत इथे बसून राहायचे. आत कोणाला येऊ द्यायचे नाहीत."

ॲल्स्टनने टोपी छातीशी धरली, डोळे मिटले आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हटलं. स्वतःच्याच पानापुढे प्रार्थना केली त्याने. थर्झा त्याच्या मागे चार पावलांवर उभी होती, भिंतीला हात लावून. "बिचारा," तो वळून तिला म्हणाला. "पण नशीबवान पोर, टँटी. माझ्या आईला एका पत्राची वाट होती जन्मभर. कोणाच्या, ते कधी सांगितलं नाही. डिसेंबर आला की टपालवाल्याची वेळ धरून खिडकीत बसायची."

थर्झा म्हणाली, "मला जरा पाणी हवं," आणि बाहेर गेली. पाणी प्यायली नाही. माठापाशी नुसती उभी राहिली.

अजूनही बोलता आलं असतं. खोलीत तिघंच होती, मेलेली सोडून. पण बोलायचं म्हणजे मेर्लपुढे बोलायचं, आणि मेर्ल बापाची लाडकी. तिने आईकडे कसं पाहिलं असतं, ते थर्झाला दिसत होतं. तिने मनाला समजावलं: दोन दिवसांनी तो जाईल. मी किती जगणार? दगड बसू दे, मग बघू. आपण सगळेच मनाला असं समजावतो, म्हणून मी तिला फार बोलत नाही.

चारला चौघांनी पलंगावरचा दगड उचलला. दाराबाहेर त्याच्यावर रम शिंपडली, पाणी शिंपडलं, आणि वरच्या माळावर नेला, जिथून समुद्र दिसतो. ओना रडली. सिल्बर्टने चुना कालवला. दगड सरळ बसला, हलला नाही, तेव्हा लोक म्हणाले, एबेनेझर शांत आहे. थर्झाने तिकडे पाहिलंच नाही.

खाली अंगणात सूर्य मावळायला तासभर असताना ताता मार्टेल आणि त्याचे दोन जोडीदार ढोल घेऊन बसले. रमच्या पिंपांचे ढोल, बोकडाचं कातडं. गाव कडेने बसलं. आणि थर्झाने पाहिलं की चांबांच्या बाकावर, म्हातारा बॉनफेस क्वाशी ॲल्स्टनच्या खांद्यावर हात टाकून बसलाय. बॉनफेस म्हणजे लेनर्डचा धाकटा भाऊ.

"आमच्या लेनर्डचा पोरगा!" तो येईल-जाईल त्याला सांगत होता. "नाक बघा, आमचंच नाक!" डोळ्यांतून पाणी वाहत होतं म्हाताऱ्याच्या. व्हेल्डाचं पहिलं पोर तापाने गेलं असंच गाव धरून होतं, तेव्हा हा नंतरचा, लेनर्डचा, असं सगळ्यांना वाटलं. नाक त्यांचं नव्हतं, पण कोण बोलणार. सकाळी बाकावर सांगितलेलं खोटं संध्याकाळपर्यंत एवढं मोठं झालं होतं.

आधी नुसता क्रोमान्तीचा ठेका वाजला, नाचाविना, पितरांना बोलवायला, तो नेहमीच आधी. मग ताताने हात थांबवला. माफीची वेळ झाली होती. मेर्लने रिंगणाभोवती रम आणि पाणी शिंपडलं. तिघं भावंडं मध्ये आली आणि गुडघ्यांवर बसली. यापुढचं तुम्हाला सांगते: गुडघे टेकलेल्याने आपणहून उठायचं नसतं. ज्याचं वाईट केलं त्याने हात देऊन उठवायचं. मेलेल्याच्या वतीने घरातला थोर माणूस हात देतो. कोणी उठवेपर्यंत ढोल थांबत नाही.

सगळ्यांनी थर्झाकडे पाहिलं. तिने श्वास घेतला, पहिला सूर लावला. आवाज चांगला होता, भरलेला. एक ओळ झाली. दुसऱ्या ओळीला तिचा आवाज गेला.

ताता थांबला. "पाणी आणा टँटीला," कोणीतरी म्हणालं.

"पाणी नको," थर्झा म्हणाली. "एक कमी आहे."

"काय?"

"पोर. एक कमी आहे गुडघ्यांवर."

"अगं थर्झा, तीन आहेत," आर्डीन म्हणाली, "तीनच तर आहेत तुझी, काय झालंय तुला?"

"माझी तीन. एबेनेझरची चार." मग तिने चांबांच्या बाकाकडे बोट केलं. "तो चौथा. व्हेल्डाचा. पोर तापाने गेलं असं पत्रात नव्हतं. ते मी वाचलं. पत्रात होतं की येऊन घेऊन जा."

मी तिथे होते. ढोलाचं कातडं थंड होतं तेव्हा ते आपोआप टिकटिक आवाज करतं, तेवढा एक आवाज मला आठवतो.

मेर्ल गुडघ्यांवरूनच वळली. "आई, कोणाचं पान मांडलं मी आज?"

"त्याचं."

"बावन्न वर्षं बाबा तिथे बसले."

"हो."

"आणि तू बाहेर भांडी घासत होतीस!"

"हो, मेर्ल."

सिल्बर्ट ओरडला, "आज बोलायचं होतं? आज? सगळ्या गावापुढे?"

"आज नाही तर कधी?" थर्झा म्हणाली. "सकाळी तो मला विचारायला आला. आईने सांगितलं टेम्ने वाजला की ऊठ, असं म्हणाला. मी त्याला दुसऱ्यांदा मारला. म्हटलं, तू चांबा."

ॲल्स्टन उभा राहिला होता. बॉनफेसचा हात अजून त्याच्या बाहीला होता. "म्हणजे आई गोंधळली नव्हती," तो म्हणाला.

"नाही. तुझ्या आईचं डोकं शेवटपर्यंत ठिकाणावर होतं."

"ती ज्या पत्राची वाट बघायची—"

"ते मी येऊ दिलं नाही. पुन्हा लिहू नको म्हणून मीच लिहिलं होतं, त्याच्या नावाने."

बॉनफेसने बाही सोडली. म्हाताऱ्याचा चेहरा पाहवत नव्हता. पण माणूस मोठा. तो म्हणाला, "माझ्या भावाने तुला वाढवलं, ते मी कोणाला पुसू देणार नाही. नाक आमचं नसलं तर नसलं. पण जा, बाळ. तुझी जागा तिकडे आहे."

ॲल्स्टन हळूहळू रिंगणात आला. त्याला काय करायचं ते कळत नव्हतं. मेर्ल सरकली, जागा केली. तो तिच्या शेजारी गुडघ्यांवर बसला आणि मग अचानक चढ्या आवाजात म्हणाला, "मी कसली माफी मागू? मी काय केलंय त्याचं?"

ओना रडत होती. आणि थर्झा ढोलांमागून पुढे आली. गाणं उचलणारी कधी गुडघे टेकत नाही. ती आजवर सगळ्यांसाठी उभी राहिलेली. तिने ओनाच्या खांद्याचा आधार घेतला, एक गुडघा, मग दुसरा, आणि त्याच्यासमोर बसली. तिथून, खालून, तिने माफी म्हटली. आवाज पार फाटलेला. गाव पाठीमागून ओढत होतं, काहीजण रडत, काहीजण रागाने. ताता वाजवत होता. एवढी वाईट माफी आमच्या गावात कधी झाली नव्हती, आणि एवढी खरीही.

गाणं संपलं. बॉनफेस पुढे आला. तिथे टेम्नेंचा कोणी थोर माणूस उरलाच नव्हता, म्हणून एबेनेझरच्या वतीने तो आला. त्याने मेर्लला उठवलं, सिल्बर्टला, ओनाला. मग ॲल्स्टनला हात दिला, आणि मेर्लने दुसरा हात धरला. "ऊठ, दादा," ती म्हणाली. चोपन्न वर्षांची बाई, आयुष्यात पहिल्यांदा कोणाला दादा म्हणत होती. तो उठला.

थर्झा गुडघ्यांवरच राहिली. तिला हात द्यायचा हक्क तिथे एकालाच होता, आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. ढोल सुरू होता. मेर्लने ॲल्स्टनच्या कानात रीत सांगितली. त्याने ऐकलं. हात पुढे केला नाही.

"मला जमणार नाही," तो म्हणाला. "आत्ता नाही."

"नको देऊस," थर्झा म्हणाली. "मी बसते."

"तिचे गुडघे—" ओना म्हणाली, आणि पुढे झाली, पण मेर्लने तिला मागे ओढलं.

ताता मार्टेल ऐंशीच्या पुढचा. त्याचे हात दुखत असणार, पण त्याने ठेका मोडला नाही, फक्त हळू केला. मग ॲल्स्टन तिच्यासमोर मातीत खाली बसला, चांगल्या विजारीसकट, मांडी घालून.

"सांगा," तो म्हणाला. "कसा होता तो? सगळं सांगा. मी उठेपर्यंत सांगायचं."

"उंच नव्हता," थर्झा म्हणाली. "उंची तुला व्हेल्डाची. हात मोठे होते. डाव्या हाताने जेवायचा. पोहता येत नव्हतं त्याला, होड्या बांधणारा माणूस, पण पाण्याची भीती, बाप बुडाला होता ना."

"मलाही येत नाही," तो म्हणाला.

"त्याला गोड आवडायचं. हसायचा कमी. तू होतास तेव्हा हसायचा. अर्धी बांधलेली होडी वाळूवर असायची, तिच्यात तुला बसवायचा आणि बाहेरून ओरडायचा, कॅप्टन, कुठे जायचं? तू हात करायचास समुद्राकडे. मी खिडकीतून बघायची."

"कॅप्टन?"

"तुझं नाव त्याने घरात कधी घेतलं नाही, व्हेल्डाही पत्रात नुसतं पोर लिहायची. कॅप्टनच म्हणायचा. शेवटच्या रात्रीसुद्धा. मला वाटलं ताप चढलाय. माझा हात धरून विचारत होता, कॅप्टन आला का? मी म्हटलं, झोपा आता."

ॲल्स्टनने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. खांदे हलत होते. कोणी त्याच्याजवळ गेलं नाही. मग त्याने हात काढले, चेहरा पुसला आणि म्हणाला, "पुढे?"

थर्झा पुढे सांगू लागली.